कोकणातल्या जुन्या घराचं वायरिंग: आत्ता काय, दिवाळीनंतर काय

वाचकाचं पत्र

संगमेश्वर तालुक्यात आमचं जुनं घर आहे. जांभ्याच्या भिंती, वर कौलं. सासऱ्यांनी १९७२ च्या सुमारास वीज घेतली तेव्हा लाकडी पट्टीवरचं वायरिंग झालं, माजघरात अजून तेच आहे. पुढे न्हाणीघर, पडवीतली खोली, विहिरीवरचा पंप, इन्व्हर्टर असं जसं लागलं तसं वाढवत गेलो. आता फ्रिजला ओला हात लागला की झिणझिण्या येतात. गीझर लावला की दिवे मंद होतात. पावसात न्हाणीघराच्या भिंतीला करंट जाणवतो. गावातला इलेक्ट्रिशियन म्हणतो, फ्यूज काढून एमसीबी बसवू, काम झालं. रत्नागिरीच्या ठेकेदाराने सगळं वायरिंग नव्याने करायला सांगितलं, पण त्याचा आकडा आम्हाला एकदम झेपणारा नाही. मुंबईचे धाकटे दीर म्हणतात, पन्नास वर्षं चाललंय, आताच काय झालं? एका बोर्डात मला चांदीसारख्या वायरी दिसल्या, त्या अ‍ॅल्युमिनियमच्या असतील का? सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. गणपतीला अजून दोन महिने आहेत, सगळे येणार, रोषणाई होणार. आधी काय करू?

— एक वाचक, जि. रत्नागिरी

उत्तर

ताई, नमस्कार.

क्रमाचं सांगतोच, पण त्याआधी आजचं काम. हे वाचून झालं की मेन स्विच आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करा, फ्रिजची पिन काढा आणि मी पुढे सांगतो ते होईपर्यंत ती पिन परत लावू नका. दूध-भाजी शेजारी ठेवा, थोडी गैरसोय सोसा. न्हाणीघराची लाईन कोणत्या फ्यूजवर आहे हे माहीत असेल, तर मेन बंद असतानाच तो किटकॅट, म्हणजे चिनी मातीचा फ्यूज, उपसून कपाटात ठेवून द्या. माहीत नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलावून ती लाईन बोर्डातूनच सोडवून घ्या. नुसतं बटण बंद करून भागणार नाही. जुन्या कामात बटण पुष्कळदा न्यूट्रलवर, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेवर, टाकलेलं सापडतं. दिवा विझतो, पण फेज, म्हणजे वीज आणणारी तार, भिंतीतून होल्डरपर्यंत तशीच चालू असते. तोवर अंघोळीचं पाणी बंबात किंवा गॅसवर तापवा. बादलीत सोडायचा रॉड मुळीच नको. सासूबाईंना न्हाणीघरात उजेड हवा, त्यासाठी चार्जिंगचा दिवा ठेवा.

आणखी एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण पावसाळ्यात घरोघरी दिसते म्हणून विचारतो. पडवीत कपडे वाळत घालायला लोखंडी तार बांधली आहे का? तिचं एक टोक पत्र्याच्या शेडच्या पाइपाला आणि दुसरं खिडकीच्या गजाला असतं. त्या पाइपावर कुठे वायर घासली गेली की ओल्या कपड्यांसकट सगळ्या तारेत करंट उतरतो. एकाला चिकटलेलं पाहून दुसरा सोडवायला धावतो आणि तोही त्यात सापडतो. अशा बातम्या महाराष्ट्रात दर पावसाळ्यात वाचाव्या लागतात. तार असेल तर आजच काढा आणि नायलॉनची दोरी बांधा.

आता तुमच्या गावच्या इलेक्ट्रिशियनच्या सल्ल्याविषयी. एमसीबी, म्हणजे जास्त प्रवाह गेला की आपोआप पडणारं बटण, बसवायला हवा यात तो चुकत नाही, पण तेवढ्याने तुमच्या झिणझिण्या जाणार नाहीत आणि शॉकचा धोकाही कमी होणार नाही. साधारण १ मिलिअँपिअर प्रवाह अंगातून गेला की माणसाला जाणवू लागतो. १० मिलिअँपिअरच्या आसपास स्नायू आखडतात, धरलेली वस्तू सोडता येत नाही. ३० च्या पुढे, तोही काही क्षण टिकला, तर हृदयाची लय बिघडण्याची भीती असते. आणि १० अँपिअरचा एमसीबी पडायला १० अँपिअरहून जास्त, म्हणजे १०,००० मिलिअँपिअरहून जास्त प्रवाह लागतो. माणसाला शॉक बसतोय हे त्या एमसीबीला कळतच नाही. त्याचं काम वायर तापून आग लागू नये एवढंच आहे, आणि ते तो चांगलं करतो.

माणसाला वाचवणारं उपकरण वेगळं, त्याला आरसीसीबी म्हणतात. दुकानात अजून ईएलसीबी या नावाने मागतात. फेजमधून जितका प्रवाह घरात गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला की नाही, हे ते सतत ताडून पाहतं. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढा प्रवाह कुणाच्या तरी अंगातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत चालला आहे असं धरून ते पुरवठा तोडतं. गळती मोठी असेल तर सेकंदाच्या पंचविसाव्या भागात तोडतं. दुकानात '३० मिलिअँपिअर' असं स्पष्ट सांगा. १०० आणि ३०० चेही मिळतात, ते आगीच्या बचावासाठी असतात, माणसासाठी त्यांचा भरवसा नाही. आरसीसीबीच्याही मर्यादा आहेत. कुणी एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरली, तर त्याला फरक दिसत नाही आणि तो पडत नाही. जास्त लोड किंवा शॉर्ट सर्किटही तो सांभाळत नाही. म्हणून एमसीबी आणि आरसीसीबी दोन्ही लागतात.

एमसीबीबद्दल एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. त्याचा आकडा वायरीच्या जाडीवरून ठरतो. सारखा पडतो म्हणून १० चा काढून ३२ चा टाकायचा, ही सोय बऱ्याच घरांत केलेली असते, आणि मग वायर भिंतीत भाजत राहते, वर कुणाला पत्ता नसतो. फ्यूजमध्ये तांब्याच्या वायरीचे दोन-तीन पदर पिळून घालणं हाही तोच प्रकार.

भाऊजींचा प्रश्न रास्त आहे, त्याला नीट उत्तर द्यायला हवं. पन्नास वर्षं चाललं हे खरं, आणि ते का चाललं हेही समजून घेण्यासारखं आहे. त्या काळात तुमच्या घरात चार-पाच दिवे, एखादा पंखा आणि रेडिओ असणार. सगळं मिळून दोन अँपिअरसुद्धा होत नव्हते. आज एकटा २,००० वॉटचा गीझर पावणेनऊ अँपिअर ओढतो. वायरीत तयार होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट, चौपट झाला की सोळापट. घर तेच, वायर तीच, पण तिच्यावरचा भार तो राहिलेला नाही.

दुसरं, लाकडी पट्टीवरच्या त्या काळच्या वायरींना बहुधा रबराचं आवरण असतं, वर कधी सुती वीण. रबर वयाने कडक होतं. हात लागत नाही तोवर ते जागच्या जागी टिकून राहतं, म्हणून वर्षानुवर्षं काही होत नाही. एक दिवस पंखा बदलायला कुणी वायर वाकवली की त्याचा भुगा होतो आणि आतली तार उघडी पडते. त्यामुळे अशा वायरिंगमध्ये अर्धवट दुरुस्ती हाच सगळ्यात मोठा धोका. तिला जोड देऊन नवा पॉइंट काढायचा नाही, तिच्या टोकाला नवा मॉड्युलर बोर्ड बसवायचा नाही. माजघरातली लाईन एक तर जशी आहे तशी फक्त दिव्यांपुरती, कमी भाराने काही महिने चालवायची, नाही तर पूर्ण काढायची. मधला मार्ग नाही.

चांदीसारख्या वायरी पाहून घाबरून जाऊ नका. रबराच्या आतल्या तांब्याला त्या काळी कथलाचा मुलामा देत, तोही पांढराच दिसतो. पुरवठा बंद करून इलेक्ट्रिशियनने चाकूने जरा खरवडलं आणि आत लालसर निघालं तर ते तांबं. खालपर्यंत पांढरं निघालं तर अ‍ॅल्युमिनियम. न्हाणीघर आणि पडवी नंतरची आहेत, तिथे अ‍ॅल्युमिनियम असण्याचा संभव जास्त. अ‍ॅल्युमिनियम स्क्रूखाली दबून हळूहळू सैल पडतं, त्यावर ऑक्साइडचा थर चढतो, आणि ते तांब्याला पिळून जोडलेलं असेल तर कोकणच्या दमट हवेत तो जोड खात जातो. सैल जोड तापतो, तापला की आणखी सैल होतो. जळक्या वासाचे बोर्ड बहुतेक असेच झालेले असतात.

गीझर लावल्यावर दिवे मंद होण्याचं मूळ शोधणं सोपं आहे. काम करायला येणाऱ्याला गीझर चालू असताना दोन ठिकाणी व्होल्टेज मोजायला सांगा, मीटरपाशी आणि गीझरच्या सॉकेटपाशी. तुमची न्हाणीघराची लाईन बंद ठेवायची असल्यामुळे भिंत कोरडी असताना, घरातली माणसं दूर ठेवून, त्यानेच तेवढ्यापुरती ती जोडावी. दोन्हीकडे कमी दिसलं तर दोष खांबावरून येणाऱ्या सर्व्हिस वायरीत किंवा त्याही पलीकडे आहे, तक्रार महावितरणकडे करायची. मीटरपाशी २२० आणि गीझरपाशी १९५ असेल, तर मधले २५ व्होल्ट तुमच्याच वायरीत खर्च होत आहेत. हिशेब केला तर ती जवळपास १८५ वॉटची उष्णता होते. ती लांबवर पसरली असेल तर एक वेळ ठीक. ती सगळी एखाद्या सैल जोडात निघत असेल, आणि तो जोड लाकडी पट्टीमागे असेल, तर काय होईल ते सांगायला नको.

आता दोन महिन्यांत काय करायचं ते. पावसात जांभ्याच्या भिंती फोडून पाइप टाकायच्या फंदात पडू नका. भिंत ओली, गिलावा सुकत नाही, घाईत काम उरकलं जातं. सगळं वायरिंग दिवाळीनंतर. गणपतीपूर्वी तीन गोष्टी करून घ्या: अर्थिंग, नवा डीबी (मेन, एमसीबी आणि आरसीसीबी बसवतात तो डिस्ट्रिब्युशन बोर्ड) आणि दोन-तीन नव्या लाईन.

अर्थिंग पहिलं. तुमच्या घरी ते असलंच तर बहुधा जुन्या लोखंडी पाण्याच्या पाइपाला बांधलेलं असेल, तेव्हाची रीतच होती. नंतर प्लंबिंग प्लास्टिकच्या पाइपांचं झालं आणि त्या दिवशी अर्थिंग तुटलं. दिवे लागतच राहिले, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. फ्रिजला तीन पिनांचा प्लग आहे, सॉकेटला तीन भोकं आहेत, पण वरच्या भोकामागे काहीच नाही, असं जुन्या घरांत सर्रास आढळतं. अर्थची तार न्यूट्रललाच जोडून टाकतो असं कुणी सुचवलं तर त्याला काम देऊ नका. पावसाळी वाऱ्यात खांबावरची न्यूट्रल तुटली की त्या जोडणीमुळे फ्रिज, गीझर, पंप सगळ्यांच्या अंगावर २३० व्होल्ट येतात.

जांभ्यात चांगलं अर्थिंग मिळणं अवघड असतं. पाऊस संपला की जांभा कोरडा पडतो आणि कोरडा जांभा वीज फारशी वाहू देत नाही. खड्डा घरापासून थोडा दूर, शक्यतो जिथे बारमाही ओल असते तिथे, म्हणजे केळी-माडाच्या आळ्याजवळ किंवा सांडपाणी जातं त्या बाजूला घ्या. जस्त चढवलेला अडीच मीटरचा पाइप उभा पुरतात. भोवती कोळसा-मीठ भरायची जुनी पद्धत चालते, पण मीठ पावसात वाहून जातं आणि पाइपही खातं, म्हणून बेंटोनाइटसारखं पाणी धरून ठेवणारं भरण मिळालं तर ते घ्या. जांभा फोडून तेवढं खोल जाता येत नसेल तर अंतर ठेवून दोन पाइप पुरून एकमेकांना जोडतात. वर झाकण असू द्या, उन्हाळ्यात त्यात पाणी ओता.

ते झालं की अर्थ टेस्टरने मोजून आकडा लिहून घ्या. दिवा लावून दाखवला म्हणजे अर्थिंग चांगलं, असं नसतं. ५ ओहमच्या आत आलं तर उत्तम. तुमच्याकडे ते १५ किंवा २० ही निघू शकेल, आणि तरीही निराश व्हायचं कारण नाही. इथे थोडा हिशेब सांगतो, कारण आरसीसीबी का हवाच हे त्यातून कळतं. समजा फ्रिजमध्ये फेज बाहेरच्या पत्र्याला टेकली आणि अर्थिंग २० ओहमचं आहे. जमिनीत जाणारा प्रवाह फार तर २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. १६ चा एमसीबी यावर पडणारच नाही, आणि फ्रिजचा पत्रा तसाच धोकादायक राहील. पण ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीला साडेअकरा अँपिअर म्हणजे त्याच्या मर्यादेच्या कित्येक पट. तो तत्क्षणी पडेल, कुणी हात लावायच्या आधीच. खेडोपाडी, जिथे अर्थिंग आपल्या अंगणातलंच असतं, तिथे एमसीबी आणि अर्थिंग एवढ्यावर भिस्त ठेवता येत नाही ती यासाठी.

मग डीबी. जुना लाकडी बोर्ड आणि किटकॅट पूर्ण काढायचे. त्या जुन्या बोर्डात न्यूट्रललाही एक फ्यूज असेल, तोही जायला हवा. तो एकटा उडाला तर घर बंद दिसतं, लोक निर्धास्तपणे हात घालतात आणि फेज मात्र तशीच चालू असते. नव्या डीबीत आधी दोन पोलचा, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा मेन, मग एक नव्हे, दोन आरसीसीबी घ्या. एकावर ओल्या बाजूचं सगळं: स्वयंपाकघर, न्हाणीघर, पंप. दुसऱ्यावर दिवे, पंखे, खोल्यांमधले सॉकेट. पैसे थोडे जास्त लागतील, पण रात्री पंपाच्या केबलमध्ये पाणी शिरून आरसीसीबी पडला तर सासूबाई अंधारात राहणार नाहीत. घरात वयस्कर माणूस असताना मला हा खर्च योग्य वाटतो. डीबी कोरड्या भिंतीवर, हात पोचेल अशा उंचीवर, चुलीपासून आणि कौलांच्या गळतीपासून दूर लावा.

तिसऱ्या म्हणजे नव्या लाईन. डीबीपासून स्वयंपाकघरात एक, सासूबाईंच्या खोलीत एक, आणि जमलं तर गणपती बसतो तिथे एक. भिंत न फोडता, पीव्हीसीच्या केसिंग पट्टीत किंवा उघड्या पाइपात, फेज-न्यूट्रल-अर्थ तिन्ही तारांसह. या लाईनला जुन्या वायरिंगचा एकही जोड लागता कामा नये, न्यूट्रलचा तर नाहीच. फ्रिज, मिक्सर, इस्त्री सगळं या नव्या सॉकेटवर. जुन्या माजघरावर ६ चा एमसीबी, फक्त दिवे-पंखे, आणि तेही आरसीसीबीच्या खालीच.

इथे एक अडचण येईल, ती आधीच सांगून ठेवतो. जुनं वायरिंग आरसीसीबीवर घेतलं की तो पडेल, कदाचित बसूच देणार नाही. मग 'हा माल खराब आहे, डायरेक्ट करून देतो' असं कुणी तरी म्हणेल. कृपा करून होऊ देऊ नका. तो पडतोय याचा अर्थ गळती खरोखर आहे, किंवा दोन लाईनींच्या न्यूट्रल जुन्या कामात कुठे तरी एकत्र बांधल्या आहेत. इन्व्हर्टरचा न्यूट्रल मुख्य न्यूट्रलमध्ये मिसळला असेल तरी हेच होतं. एकेक लाईन सुटी करून शोधावं लागतं, अर्धा-एक दिवस जातो, त्याची मजुरी द्या. जी लाईन काही केल्या आरसीसीबीवर टिकत नाही, ती दिवाळीपर्यंत बंद. न्हाणीघराची त्यातच निघेल असा माझा अंदाज आहे. आणि इन्व्हर्टर असलेल्या घरात मेन बंद केल्यावरही काही पॉइंट चालूच असतात. कुणीही बोर्डाला हात लावण्याआधी इन्व्हर्टर बंद करून त्याची जोडणी सोडवायला हवी.

रोषणाईविषयी थोडक्यात. माळेच्या उघड्या तारा सॉकेटमध्ये घालून काडी खोचायची नाही, प्रत्येक माळेला पिन हवी. एका एक्स्टेन्शनमध्ये दुसरं एक्स्टेन्शन नको. अंगणातली माळ पत्र्यावरून किंवा लोखंडी कमानीवरून नेऊ नका. ही सगळी माळ त्या नव्या लाईनवर लावा. मखराजवळ समई असते, कापूर असतो, तिथे वायर मोकळी लोंबकळत ठेवू नका.

दिवाळीनंतर भिंती सुकल्या की बाकीचं घर घ्या, हवं तर एका वर्षी न्हाणीघर, माजघर आणि पडवी, आणि पुढच्या वर्षी उरलेलं. टप्पे पाडायला हरकत नाही. फक्त प्रत्येक टप्पा डीबीपासून शेवटच्या पॉइंटपर्यंत पुरा व्हायला हवा. न्हाणीघर सगळ्यात आधी. जाडीचं सांगायचं तर दिव्यांना दीड एमएम (म्हणजे चौरस मिलिमीटर), सॉकेटना आणि २,००० वॉटच्या गीझरला अडीच, ३,००० वॉटचा गीझर किंवा दीड टनी एसी पुढे घेणार असाल तर चार, आणि मीटरपासून डीबीपर्यंत दहा. त्यामागे दिव्यांना ६ किंवा १० चा एमसीबी, अडीचला १६ चा, चारला २० चा. गीझर, एसी आणि पंप प्रत्येकाची लाईन स्वतंत्र. फेज लाल, पिवळी किंवा निळी, न्यूट्रल काळी, अर्थ हिरवी. सगळीकडे एकाच रंगाची वायर वापरली तर पुढच्या माणसाला काही समजत नाही. सॉकेटकडे तोंड करून पाहिलं तर फेज उजवीकडे, न्यूट्रल डावीकडे, अर्थ वर. जोड असलाच तर उघडता येईल अशा बॉक्समध्ये, पाइपाच्या पोटात कधीच नाही. गीझरचं बटण न्हाणीघराबाहेर. माळ्यावरून जाणारे पाइप आयएसआयचे, जाडसर घ्या आणि तोंडं बंद करा, नाही तर उंदीर आत शिरतात.

वायरीच्या कॉइलवर आयएसआय चिन्हाबरोबर परवाना क्रमांक छापलेला असतो. तो 'बीआयएस केअर' या अ‍ॅपमध्ये टाकून खरा आहे का बघता येतं. दोन मिनिटं लागतात. बनावट वायरीत तांबं कमी भरलेलं असतं आणि वरून ते ओळखता येत नाही. लाकडी छपराच्या घरात एफआर किंवा एफआर-एलएसएच आवरणाची वायर घ्या, ती पेट लवकर घेत नाही, आणि दुसऱ्या प्रकारात धूरही कमी होतो. बटणं कमी किमतीची घेतली तर चालतील. वायर, एमसीबी आणि आरसीसीबी यांत काटकसर करू नका.

काम कुणाला द्यायचं? परवानाधारक विद्युत ठेकेदाराला. दिवा, पंखा, फ्यूज, बटण बदलण्यापलीकडचं वायरिंगचं काम परवानाधारकाकडूनच करून घ्यावं असा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांचा दंडक आहे. तुमच्या गावचा इलेक्ट्रिशियन हाताने चांगला असेल तर त्यालाच त्या ठेकेदाराच्या हाताखाली काम करू द्या. त्याला घर माहीत आहे, रात्री-अपरात्री तोच येणार आहे, त्याला दुखवून काही मिळवायचं नाही. रत्नागिरीच्या ठेकेदाराकडून एकच मोठा आकडा घेऊ नका. किती पॉइंट, कोणत्या एमएमची किती मीटर वायर, कोणत्या कंपनीची, डीबीत काय काय, अर्थिंग कसलं, शेवटी कोणत्या चाचण्या, असं वेगवेगळं लिहून मागा. मग गणपतीपूर्वीचा टप्पा किती आणि नंतरचा किती ते तुमचं तुम्हालाच दिसेल, आणि आकडा झेपेल असं वाटतं.

वीजबिलावर 'मंजूर भार' पाहा. जुन्या घरांत तो अनेकदा एक किलोवॉटच्या आसपासच राहिलेला असतो. गीझर, पंप, इस्त्री धरून तुमचा वापर त्याच्या पुढे गेलेला दिसतो. महावितरणकडे भार वाढवून मागा. त्यासाठी ठेकेदाराचा चाचणी अहवाल सहसा लागतो, म्हणजे हे काम ओघाने होईल. मीटरचं सील आणि खांबापासून मीटरपर्यंतची वायर यांना कुणी हात लावायचा नाही, ते महावितरणचं काम.

भाऊजींशी वाद घालू नका. घर सामाईक आहे, खर्च दोघांचा आहे, त्यांना पटायला हवं आणि पटण्यासारखं साधनही आहे. ठेकेदाराला सगळ्यात आधी, आत्ता भर पावसातच, मेगर (वायरीचं आवरण शाबूत आहे का ते मोजायचं यंत्र) लावायला सांगा. मेन आणि इन्व्हर्टर बंद, सगळी उपकरणं आणि दिवे काढलेले, आणि मग ५०० व्होल्टच्या मेगरने प्रत्येक लाईन तपासायची. १ मेगओहमच्या खाली जी येईल तिचं आवरण गेलं असं समजायचं. ही तपासणी पावसात केली तर घराची खरी वाईट स्थिती कळते, आणि अर्थिंगची मे महिन्यात केली तर. तो कागद भाऊजींना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. न्हाणीघरापुढचा आकडा पाहिला की पन्नास वर्षांचा मुद्दा ते स्वतःच सोडतील, असं मला वाटतं. त्यांच्याच आईच्या अंघोळीची जागा आहे ती.

घरात सगळ्यांना, गणपतीला येणाऱ्या मुलांनाही, मेन कुठे आहे ते दाखवून ठेवा. कुणाला शॉक बसला तर त्याला हात लावायचा नाही, आधी मेन आणि इन्व्हर्टर बंद करायचा. मेन लांब असेल तर कोरड्या लाकडाने वायर बाजूला करायची, १०८ ला फोन करायचा, श्वास चालत नसेल तर छाती दाबायला लगेच सुरुवात करायची. जवळच्या आरोग्य केंद्रात कधी हे शिकवत असतील तर घरातल्या एकाने तरी जाऊन यावं.

काम संपल्यावर पैसे चुकते करण्याआधी ठेकेदाराकडून तीन गोष्टी घ्या: डीबीतल्या प्रत्येक एमसीबीखाली मराठीत नाव, कोणती लाईन कुठून कुठे गेली याचं साधं हाताने काढलेलं चित्र, आणि मेगर व अर्थ टेस्टरचे आकडे लिहिलेला सही-शिक्क्याचा अहवाल. पाइप झाकले जाण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा. आरसीसीबीवर टेस्टचं छोटं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबायचं. वीजबिल भरायच्या दिवशीच दाबलं तर विसरायला होत नाही. दाबूनही तो पडला नाही तर त्याच आठवड्यात बदलून घ्या. चित्र आणि अहवालाची एक प्रत डीबीच्या दाराला आतून चिकटवा, दुसरी भाऊजींकडे मुंबईला पाठवा.